भातात हळद कुणी घातली?

एका आजींच्या औषधांत चार औषधं अशी होती, की प्रत्येक जण पेशीपटलातला (पेशीच्या आवरणातला) कोणता ना कोणता पंप किंवा वाहक बंद करणारं होतं. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या कारणांसाठी लिहिलेली. एकेक पाहिलं तर कुठलंच चुकीचं नव्हतं. शेवटचं औषध सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी त्या जेवणावरून उठल्या, नवव्या दिवशी माझ्याकडे आल्या, तेव्हा नाडी होती मिनिटाला ३८. हे प्रकरण मी इथे सविस्तर मांडतोय, कारण अकरावीच्या जीवशास्त्रात शिकलेलं 'सक्रिय वहन', म्हणजे पेशीने ऊर्जा खर्चून केलेली ने-आण, मला इतक्या जवळून कधी दिसलं नव्हतं. दुसरं कारण असं, की या गोंधळातली पहिली सही माझीच आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, नाती आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

आजींचं वय ६८, वजन ४२ किलो. लहानपणी कधीतरी सांधे सुजून ताप आला होता, त्याची खूण म्हणून हृदयातली मायट्रल झडप आकसलेली. पुढे हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावायचे थांबून नुसते फडफडू लागले. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. नाडी कायमची वेडीवाकडी, दोन ठोक्यांत कधीच सारखं अंतर नाही. 'वेडीवाकडी' हे पुढे महत्त्वाचं आहे, म्हणून लक्षात ठेवा.

गेली सहा-सात वर्षं त्यांच्या गोळ्या ठरलेल्या होत्या. नाडीचा वेग आवरायला डिगॉक्सिन ०.२५ मिलिग्रॅम, सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवार सुट्टी, ही आपल्याकडची जुनी पद्धत. फुप्फुसात पाणी साठू नये म्हणून फ्युरोसेमाइड ४०, घरच्यांच्या भाषेत 'लघवीची गोळी'. रक्त पातळ राहायला ॲसेनोकुमरॉल. आणि सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी, पँटोप्रॅझोल. ते कुणी आणि का सुरू केलं, हे आता कुणालाच आठवत नव्हतं. गोळी चालू होती, एवढंच.

सहा महिन्यांपूर्वी त्या माझ्या ओपीडीत आल्या होत्या. मूत्रपिंड किती काम करतं ते सांगणारं क्रिएटिनिन १.२. प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेच्या किंचित वर. मी रिपोर्टवर बरोबरची खूण केली आणि 'औषधं तीच' असं लिहिलं.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांत त्यांना मळमळ सुरू झाली. जेवण जाईना, दोन किलो वजन उतरलं. मुलगा त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पोटाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. दुर्बीण घातली, जठराला थोडी सूज दिसली, हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जंतूची तपासणी पॉझिटिव्ह आली. चौदा दिवसांचा कोर्स मिळाला: क्लॅरिथ्रोमायसिन ५०० दोनदा आणि अमॉक्सिसिलिन ही दोन प्रतिजैविकं आणि पित्ताची गोळी. "आणखी कुठली औषधं चालू आहेत का?" असं त्या डॉक्टरांनी विचारलं होतं. मुलगा म्हणाला, "हार्टची आणि लघवीची." खोटं काहीच नव्हतं त्यात.

अडचण

कोर्सच्या चौथ्या दिवसापासून पातळ जुलाब. पाचव्या दिवशी सूनबाईंनी ताट वाढलं, तर आजींनी ते ढकललं. सूनबाई मला सांगत होत्या, "आत्या म्हनाल्या भातात हळद का घातलीस. मी म्हनलं आत्या, पांढराच भात हाय की. तर म्हनाल्या माझी चेष्टा करतीस व्हय. त्या दिसापासनं बल्ब पन पिवळा दिसतोय म्हनत्यात." घरात सगळ्यांना वाटलं, अंगात ताकद नाही म्हणून भ्रम झाला असेल. जुलाबांसाठी लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दिलं, ते योग्यच केलं. पित्ताची आणि लघवीची गोळीही चुकवली नाही, डिगॉक्सिनही नाही. औषध चुकवायचं नाही हे आम्हीच त्यांच्या मनावर बिंबवलेलं.

नवव्या दिवशी संध्याकाळी सहाला त्या स्ट्रेचरवर आल्या. अर्धवट गुंगीत, जीभ कोरडी, रक्तदाब ९४/६०, साखर ११२. नाडी ३८, आणि नियमित.

माझ्या आरएमओने (रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरने) नाडी धरून सांगितलं, "सर, स्लो आहे, पण रेग्युलर आहे." त्याच्या आवाजात दिलासा होता. मला मात्र तिथेच धस्स झालं. ज्यांची नाडी वर्षानुवर्षं वेडीवाकडी आहे त्यांची ती अचानक घड्याळासारखी चालू लागली, तर हृदय बरं झालेलं नसतं. वरच्या कप्प्यांचा खालच्या कप्प्यांशी संपर्क पूर्ण तुटलेला असतो आणि मधलं एखादं केंद्र आपल्या मंद गतीने एकटंच ठोके देत असतं. ईसीजीत तेच होतं. शिवाय मधूनमधून प्रत्येक नेहमीच्या ठोक्यामागे एक आगाऊ, रुंद ठोका. जोडीजोडीने चाललेले.

खरं सांगायचं तर पहिली चाळीसेक मिनिटं मी डिगॉक्सिनचा विचार मनात मागेच ठेवला होता. झडप आकसलेली, फिब्रिलेशन असलेली म्हातारी बाई गुंगीत आली की आधी डोळ्यांसमोर अर्धांगवायू येतो. हातपाय हलवून पाहिले, चेहरा पाहिला. कुठे एका बाजूची कमजोरी नव्हती. मग सूनबाईंनी भाताची गोष्ट सांगितली आणि हातातली कॅरीबॅग टेबलावर ओतली. अर्ध्या कापलेल्या स्ट्रिपा, एक संपलेलं मलम, नातवाच्या तापाचं औषध आणि त्यात तो चौदा दिवसांचा किट. क्लॅरिथ्रोमायसिनचं नाव वाचलं आणि उरलेलं चित्र आपोआप जुळलं.

आता थोडं पेशीपटलाबद्दल, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच उभे आहेत.

आपल्या प्रत्येक पेशीच्या आत पोटॅशिअम जास्त, साधारण १४०, आणि सोडिअम १०-१५. बाहेर बरोबर उलटं, सोडिअम १४० आणि पोटॅशिअम ४ (सगळे आकडे मिलिमोल प्रति लिटर). उतारावरून पाणी वाहावं तसं दोघांनाही आपापल्या दिशेने घरंगळायचं असतं, आणि थोडंथोडं ते झिरपतही असतं. हा तोल टिकवायचा म्हणजे अखंड उपसा हवा. तो उपसा करणारं प्रथिन म्हणजे सोडिअम-पोटॅशिअम पंप. एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्ची घालून तो तीन सोडिअम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशिअम आत घेतो. आधी त्याचं तोंड आतल्या बाजूला उघडं असतं. तीन सोडिअम बसले की एटीपीमधला फॉस्फेट त्याला चिकटतो, तोंड बाहेर फिरतं, सोडिअम सुटतात, दोन पोटॅशिअम येऊन बसतात. फॉस्फेट गळून पडतो आणि तोंड परत आत. विश्रांतीत शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तिचा पाचवा ते चौथा हिस्सा एकट्या या कामावर जातो. उपसा सिंचनाचं वीजबिल भरणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

डेन्मार्कमधल्या आऱ्हूस इथे येन्स स्कू यांनी १९५७ साली खेकड्याच्या पायातल्या नसांवर काम करताना हा पंप दाखवून दिला, त्याबद्दल त्यांना १९९७ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. डिगॉक्सिनच्या कुळातली औषधं मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून वापरात होती. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने १७८५ मध्ये फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीवर लिहिलं, तेव्हाच मात्रा जास्त झाली की रुग्णाला वस्तू पिवळ्या-हिरव्या दिसतात अशी नोंद करून ठेवली होती. म्हणजे आमच्या आजींचा भात सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेला होता.

डिगॉक्सिन या पंपाला बाहेरच्या बाजूने, फॉस्फेट चिकटलेल्या अवस्थेत पकडतं आणि तसंच अडकवून ठेवतं. थोडे पंप अडले की हृदयाच्या पेशीत सोडिअम थोडा वाढतो. कॅल्शिअम बाहेर टाकणारं दुसरं एक प्रथिन सोडिअमच्या त्या उतारावरच चालतं, तीन सोडिअम आत आणि एक कॅल्शिअम बाहेर. उतार कमी झाला की कॅल्शिअम आत साठतं आणि ठोका जोरकस होतो. शिवाय हृदयाला लगाम घालणाऱ्या व्हेगस नसेचा जोर वाढून नाडी मंदावते. इतपत हवंच असतं. पण जास्त पंप अडले तर कॅल्शिअम ओसंडून पेशी वेळी-अवेळी आपणहून ठोके देऊ लागते, व्हेगसचा लगाम इतका आवळतो की वरचा निरोप खाली पोहोचत नाही. डोळ्याच्या पडद्यातल्या शंकूपेशींचे पंप अडले की रंग बिघडतात. मेंदूच्या ज्या भागातून उलटीची सूचना निघते तो रक्तातल्या औषधाला उघडा असतो, म्हणून मळमळ सगळ्यात आधी येते. आजींची तीन महिन्यांपासूनची मळमळ हीच होती. जठरातले जंतू तिथे होतेच, ते आपल्याकडे कितीतरी लोकांच्या पोटात असतात. तपासणी खरी होती, दोष मात्र भलत्याला लागला.

आता बाकीचे तीन.

डिगॉक्सिन शरीराबाहेर टाकायचं काम बरंचसं मूत्रपिंड करतं, आणि तिथे तसंच आतड्याच्या अस्तरात पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा आणखी एक एटीपीवर चालणारा पंप असतो. परके रेणू पेशीतून उचलून बाहेर फेकणारा. १९७६ मध्ये औषधाला दाद न देणाऱ्या पेशींमध्ये तो पहिल्यांदा सापडला. क्लॅरिथ्रोमायसिन हा पंप बंद करतं. परिणामी आतड्यातून डिगॉक्सिन जास्त आत येतं आणि मूत्रपिंडातून कमी बाहेर जातं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डिगॉक्सिनच्या विषबाधेने भरती झालेल्या वृद्धांनी आधीच्या आठवड्यात क्लॅरिथ्रोमायसिन घेतलेलं असण्याची शक्यता इतरांच्या सुमारे १२ पट होती.

फ्युरोसेमाइड मूत्रपिंडातल्या ज्या प्रथिनाला अडवतं ते एटीपी थेट खात नाही. पहिल्या पंपाने तयार केलेल्या सोडिअमच्या उतारावर ते पोटॅशिअम आणि क्लोराइड ओढून घेतं. टाकी भरायची मोटर एकीकडे, आणि त्या टाकीच्या पाण्यावर चालणारे नळ दुसरीकडे, तसं. तो नळ बंद केला की लघवीवाटे मीठ-पाणी जातं आणि सोबत पोटॅशिअम. जुलाबांतून आणखी गेलं. चौथा पंप पँटोप्रॅझोल बंद करतं, जठरात आम्ल सोडणारा. तो सोडिअम-पोटॅशिअम पंपाचाच जवळचा भाऊबंद. पण या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या तर काहींच्या रक्तातलं मॅग्नेशिअम उतरतं, आणि मॅग्नेशिअम नसेल तर मूत्रपिंड पोटॅशिअम धरून ठेवू शकत नाही.

पोटॅशिअमचा मुद्दा का इतका? कारण डिगॉक्सिन आणि पोटॅशिअम दोघांनाही पंपाच्या बाहेरच्या दाराशीच यायचं असतं. बाहेर पोटॅशिअम भरपूर असेल तर डिगॉक्सिनला जागा कमी मिळते. ते कमी झालं की तेवढंच डिगॉक्सिन जास्त पंप अडकवतं. म्हणजे आजींच्या रक्तात डिगॉक्सिन वाढत होतं आणि त्याच्या वाटेतला अडसर त्याच वेळी निघून जात होता.

रिपोर्ट आले ते असे: पोटॅशिअम २.८, मॅग्नेशिअम १.३ मिलिग्रॅम, क्रिएटिनिन १.९, आणि रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आयएनआर ५.८. शेवटचा आकडाही क्लॅरिथ्रोमायसिनचीच कृपा, रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम ते वाढवतं, शिवाय गेले काही दिवस पोटात धड अन्न नव्हतं. डिगॉक्सिनची पातळी आमच्याकडे होत नाही. रक्त काढून पुण्याला पाठवलं, उत्तर यायला दोन दिवस.

आणखी एक गोष्ट विचारली, आमच्या भागात विचारावीच लागते: कुणी कण्हेरीची मुळी किंवा पान घालून काढा वगैरे दिला का? बिट्टीची बी पोटात गेली का? कुंपणाला असलेली लाल-पांढरी कण्हेर आणि पिवळी बिट्टी, दोघींतलं विष याच पंपाला पकडतं आणि चित्र हुबेहूब असंच दिसतं. उत्तर नाही आलं.

समोरचे पर्याय

सगळ्यात सरळ उपाय म्हणजे डिगॉक्सिनला पकडणाऱ्या प्रतिपिंडाचं इंजेक्शन. ते रक्तातल्या डिगॉक्सिनला धरतं, मग पंपांवरचं डिगॉक्सिन सुटून रक्तात येतं आणि तेही धरलं जातं. नंतर पातळी कळल्यावर मी हिशेब केला, पातळी गुणिले वजन भागिले १००, तर आजींना जेमतेम दोन व्हायल लागल्या असत्या. त्या रात्री जिल्ह्यात चार ठिकाणी फोन केले. कुणाकडेच नव्हतं.

तात्पुरता पेसमेकर? त्याची सोय दोन तासांच्या अंतरावर, जिल्ह्याच्या ठिकाणी. आणि डिगॉक्सिनने चिडलेल्या हृदयात वायर टोचली तर ती टोचणीच कधीकधी जीवघेणा ताल सुरू करते. शेवटचा उपाय म्हणून ठेवायचा.

आरएमओने विचारलं, "किडनी गेलीय, डायलिसिसने डिगॉक्सिन निघेल ना?" प्रश्न रास्त होता. पण डिगॉक्सिन रक्तात असतं अगदी थोडं. बहुतेक सगळं स्नायूंमधल्या पंपांना चिकटून बसलेलं असतं. रक्त धुऊन काय हाती लागणार?

कोळशाची पूड पाजणं हा एक पर्याय होता. आतड्यात परत येणारं डिगॉक्सिन ती शोषून घेते. गुंगीत असलेल्या, उलट्या करणाऱ्या माणसाला ती पाजली आणि फुप्फुसात गेली तर नवीन संकट. मी टाळलं.

पोटॅशिअम द्यायचं का, किती वेगाने, यावर मात्र खरी घासाघीस झाली. कमी आहे, द्यायला हवं, ते दिल्याने आगाऊ ठोके थांबतील. पण मूत्रपिंड अर्धं झोपलेलं, आणि स्नायूंचे पंप अडल्यामुळे दिलेलं पोटॅशिअम पेशींत शिरायला वेळ लागणार. जास्त झालं तर हृदयाचा तुटलेला संपर्क आणखी तुटतो. दोन्ही बाजूंनी घसरण.

आणि राहिलं ते आजींना हलवायचं की इथेच ठेवायचं.

काय केलं

पहिल्यांदा बंद करायचं ते बंद केलं: डिगॉक्सिन, क्लॅरिथ्रोमायसिन, फ्युरोसेमाइड, रक्त पातळ करायची गोळी, पँटोप्रॅझोल. ॲट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम शिरेतून दिलं, व्हेगसचा लगाम सैल करायला. नाडी ३८ वरून ४६ झाली. दहा मिनिटांनी तेवढंच परत, ५२. रक्तदाब १०४ वर आला. छातीवर बाहेरून पेसिंग करायचे पॅड चिकटवून ठेवले, यंत्र सुरू केलं नाही.

या गडबडीत एक गोष्ट जवळजवळ निसटली. कॉटजवळ गेलो तर सिस्टरनी नेहमीच्या सवयीने डीएनएसची बाटली लावली होती, साखर आणि मीठ दोन्ही असलेली. कोरड्या पडलेल्या, न जेवलेल्या पेशंटला तेच लावायची पद्धत. मी ती काढायला लावली. सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. साखर दिली की इन्सुलिन वाढतं, आणि इन्सुलिन स्नायूंमधल्या सोडिअम-पोटॅशिअम पंपांना जोर देतं. जे काही पंप मोकळे होते त्यांनी रक्तातलं उरलंसुरलं पोटॅशिअम पेशींत ओढून घेतलं असतं आणि २.८ चं २.५ झालं असतं, पोटॅशिअम देत असतानाच. म्हणून साधं नॉर्मल सलाईन, त्यात पोटॅशिअम क्लोराइड २० मिलिइक्विव्हॅलंट, तासाला १० पेक्षा जास्त नाही. सतत मॉनिटर. दर चार तासांनी रक्त. लक्ष्य ४ ते ४.५, पाचच्या वर अजिबात नाही.

मॅग्नेशिअम सल्फेट फक्त एक ग्रॅम, सावकाश तासाभरात, गुडघ्याची प्रतिक्रिया तपासत. मूत्रपिंड ठीक असतं तर दुप्पट दिलं असतं. झडप आकसलेली म्हणून सलाईनसुद्धा मोजून, दर अडीचशे मिलिलिटरनंतर पाठीला स्टेथोस्कोप लावून.

आयएनआरसाठी काही दिलं नाही. कुठे रक्तस्राव दिसत नव्हता, गोळी बंद केली होती, तेवढ्यावर थांबलो.

मुलाला बाहेर बोलावून समजावलं. इथे ठेवलं तर काय, पाठवलं तर काय. रस्ता दोन तासांचा, रुग्णवाहिकेत पेसिंगची सोय नाही, नाडी ५२ आहे ती ॲट्रोपिनवर. तिथे पेसमेकर आणि सीटी स्कॅन आहे. तो म्हणाला, "तुमी म्हनाल तसं." हे वाक्य ऐकलं की डॉक्टरवरचं ओझं दुप्पट होतं. मी ठेवायचं ठरवलं.

परिणाम

रात्री अकरा वाजता पोटॅशिअम ३.२. तीन वाजता ३.६ आणि जोडीने येणारे आगाऊ ठोके विरळ झाले. पहाटे ते दिसेनासे झाले. नाडी मात्र ४४ ते ५० च्या मध्ये, तशीच नियमित. दुसऱ्या दिवशी पोटॅशिअम ४.१ ला थांबवलं. आजी डोळे उघडून बोलू लागल्या.

तिसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. डिगॉक्सिनची पातळी ३.८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. आजच्या मताप्रमाणे ०.५ ते ०.९ पुरे असते, २ च्या वर विषबाधेची शक्यता धरतात. नमुना शेवटच्या गोळीनंतर सहा तासांच्या आत घेतला तर आकडा फसवा येतो. आमचा त्याहून बराच नंतर घेतलेला होता, म्हणून खराच.

त्यानंतर नुसतं थांबणं. निरोगी मूत्रपिंड असलेल्या माणसात डिगॉक्सिन निम्मं व्हायला दीड ते दोन दिवस लागतात, आजींसारख्यांत त्याच्या दुप्पट किंवा जास्तही. चौथ्या दिवशी सकाळी राउंडला मी नाडी धरली आणि ती चुकत होती. एक ठोका लवकर, दुसरा उशिरा, मधेच मोठं अंतर. वेग ६४. वेडीवाकडी नाडी लागल्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. त्या दुपारी आजींनी दहीभात खाल्ला. रंग विचारला तर म्हणाल्या, "पांढराच हाय की."

सातव्या दिवशी घरी गेल्या. क्रिएटिनिन १.३, आयएनआर २.४, रक्त पातळ करायची गोळी परत सुरू. डिगॉक्सिन पुन्हा दिलं नाही. पंधरवड्याने आल्या तेव्हा नाडी ९६ झाली होती, म्हणून नाडी आवरणारं मेटोप्रोलोल अगदी कमी मात्रेत. लघवीची गोळी निम्मी. मळमळ पूर्ण गेली होती, वजन परत चढू लागलं होतं. हेलिकोबॅक्टर बहुधा अजून तिथेच आहे, कोर्स अर्धवट राहिला. त्याचं काय करायचं ते पोटाच्या डॉक्टरांशी बोलून नंतर ठरवणार आहोत. रक्त पातळ करणारी गोळी आयुष्यभर चालणार, आणि या जंतूंमुळे जठरात जखम झाली तर रक्त लवकर थांबणार नाही, म्हणून तो विषय सोडून देता येणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी माझी ती बरोबरची खूण. १.२ क्रिएटिनिन तरण्याबांड माणसात किरकोळ असतं. ६८ वर्षांच्या, ४२ किलोच्या बाईत तो आकडा वय-वजनाच्या सूत्रात घातला तर मूत्रपिंडाची क्षमता मिनिटाला ३० मिलिलिटरच्या आसपास येते. हे गणित दीड मिनिटाचं आहे. मी केलं असतं तर ०.२५ ची गोळी त्या दिवशीच निम्मी झाली असती किंवा बंद. आठवड्याला दोन दिवस सुट्टी दिली की सुरक्षित झालं, हा आमच्या पिढीचा गोड समज आहे. बाकीच्या पाच दिवसांची मात्रा मूत्रपिंडाला झेपत नसेल तर शनिवार-रविवार काय करणार?

मळमळीसाठी त्या आधी माझ्याकडे आल्या असत्या तर मी डिगॉक्सिन ओळखलं असतं का? ओळखलं असतं असं म्हणायला आवडेल. प्रत्यक्षात मीही कदाचित पँटोप्रॅझोलची मात्रा वाढवली असती.

पोटाच्या डॉक्टरांना मी फोन केला. दोष द्यायला नाही, सांगायला. ते म्हणाले, "हार्टची गोळी म्हणजे मी बीटा-ब्लॉकर धरलं." (नाडी मंद करणारी गोळी, मेटोप्रोलोलसारखी.) आमचं दोघांचंही यावर एकमत झालं की प्रश्न 'कुठली औषधं चालू आहेत' असा विचारण्यात अर्थ नाही, पिशवी आणायला सांगायची. माझ्या ओपीडीबाहेर आता तशी पाटी आहे. निम्मे लोक तरी आणतात.

चिठ्ठी वाचायची माझी पद्धतही थोडी बदलली. नावापुढे पेन्सिलीने लिहितो: हे काय बंद करतं. डिगॉक्सिनपुढे एक, फ्युरोसेमाइडपुढे एक. दोन खुणा झाल्या की तिसरं औषध लिहिताना हात थांबतो. नवीन मुलांना हे वेडगळ वाटतं.

कोळशाच्या बाबतीत मी आजही त्याच मताचा आहे. पण त्यांना न हलवण्याच्या निर्णयावर माझं मत आठवड्यातून दोनदा बदलतं. ईसीजी, पिवळा भात, औषधांची पिशवी, सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं हे खरं. पण रात्री आठ वाजता माझ्या हातात आयएनआर ५.८ चा रिपोर्ट होता आणि समोर गुंगीत असलेली बाई. डोक्यात रक्तस्राव नाही हे मी हातपाय हलवून ठरवलं होतं, सीटी करून नाही. पोटॅशिअम ३.२ झाल्यावर, अकरा वाजता, सोबत आरएमओ आणि ॲट्रोपिन देऊन त्यांना पाठवता आलं असतं. तेव्हा तो विचार मनात आला होता. मॉनिटरवर ठोके सुधारताना दिसत होते, म्हणून मी कॉटशेजारची खुर्ची ओढून बसलो आणि तीनच्या रिपोर्टची वाट पाहिली.